तेरवीनंतरचे घर



घरातला कर्ता माणूस गेला की गाव तेरा दिवस त्या घरात असते. तेरवी उरकली की पावले पांगतात. वर्ष उलटते, दोन उलटतात, आणि काही घरे तिथेच थांबलेली दिसतात. बाई बोलत नाही, पोरगा शेताकडे फिरकत नाही, पेरणीचे नाव निघाले की म्हातारा उठून जातो. शेत मक्त्याने गेलेले असते, नाहीतर पडीत. गाव म्हणते, "आता किती दिवस धरून बसणार? विसरा." हा सल्ला फुकटचा आहे आणि त्याने एकही घर आजवर उठलेले नाही.

मनाचा विषय निघाला की आपले कार्यकर्ते बिचकतात. त्याला कारण आहे. चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. आत्महत्यांचा प्रश्न मांडला की दारू, घरातली भांडणे, डोक्याचा आजार अशी उत्तरे आपण ऐकत आलो. २००५ च्या शासन निर्णयाने एक लाखाची मदत आली, पण नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा हे कागदावर दिसले तर घर पात्र, नाही तर अपात्र. त्यामुळे मन म्हटले की आपल्याला पळवाटेचा वास येतो. पण माणूस का गेला हा एक प्रश्न, आणि मागे राहिलेल्यांनी जगायचे कसे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर भाव आणि कर्ज हेच आहे. दुसऱ्याचे तेवढ्यात संपत नाही. उद्या कापसाचा भाव दुप्पट झाला, तरी त्या घरातून शेतात जाणार कोण?

ताण बसला की ज्वारी पाने गुंडाळते, वाढ थांबवते. पाऊस आला की पुन्हा चालू लागते. म्हणून तर ती कोरडवाहूत टिकली. दुःखात माणूस काही महिने थांबतो, तोही रोग नव्हे. पण कोणाकोणाचे थांबणे सुटतच नाही. सहा महिन्यांहून जास्त काळ रीतीभातीपलीकडे टिकणारे आणि रोजचे जगणे बंद पाडणारे दुःख हा वेगळा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आला आहे. ती यादी २०२२ पासून लागू झाली. याचा अर्थ बाई वेडी झाली असा नाही. तिला उपचार मिळू शकतो, असा आहे.

आणि अर्धी गाठ तर मनाबाहेर आहे. सातबारा अजून गेलेल्याच्याच नावावर असतो. नाव लागल्याशिवाय पीककर्ज नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुले, मुली आणि आई यांचा हिस्सा सारखा आहे. तीन महिन्यांत तलाठ्याला कळवून फेरफार करायचा असतो. पण दर खेपेला मृत्यूचा दाखला पुढे करायचा म्हणजे जखम पुन्हा उघडायची. म्हणून कागद ट्रंकेत पडून राहतात आणि दीर-भासऱ्यांचे फावते. वरून रीत अशी, की तिफणीच्या पूजेला तिने पुढे यायचे नाही. जी बाई उद्या ते शेत कसणार, तिलाच बाजूला उभे करायचे! कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. जे हेरवाडला जमले ते आपल्या गावाला का जमू नये?

म्हणून प्रत्येक गावशाखेने एवढे करावे. एक बाप्या आणि एक बाई नेमावी. तेरवीनंतर वर्षभर, महिन्यातून एकदा त्यांनी त्या घरी जावे. विसरा म्हणू नये. गेलेल्याचे नाव घ्यावे, त्याच्याविषयी बोलू द्यावे, रडू द्यावे. वारस नोंदीला सोबत जावे. मृगाला सगळे वावर नको, ज्वारीचे चार तास त्या घराच्या हाताने पेरून घ्यावेत. उरलेले गावाने इर्जिक करून पेरावे. फवारणीचे औषध कुलपात ठेवायला लावावे. झोप-जेवण सुटले असेल, मरणाची भाषा असेल, तर वाट न पाहता जिल्हा रुग्णालयात न्यावे. त्यात लाज कसली? २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प याच कामासाठी आहे. गावातल्या आशाताईंना विचारा. १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते.

मोर्चात ही घरे फलकावरचा फोटो म्हणून येतात. पुढच्या जिल्हा बैठकीला भावाच्या ठरावासोबत त्यांची यादीही आणा: घर कोणते, वारस नोंद झाली का, शेवटचे कोण कधी जाऊन आले. भावाची लढाई लांबेल. ती जिंकेपर्यंत थांबा, असे त्या घराला सांगता येणार नाही.