वार्धक्य नसलेलें गांव

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या वाचक-कुटुंबाकडून पत्र आलें. पत्र सूनबाईंच्या हातचें आहे. परंतु त्यांतील प्रश्न सबंध घराचा आहे. घरांतील आजोबांचें वय ७४. गेलीं पन्नास वर्षें उगवत्या सूर्यास अर्घ्य दिल्याशिवाय त्यांनीं तोंडांत पाणी घेतलेलें नाहीं. नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकांत त्यांनीं वाचलें कीं, पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे एक वस्ती अशी आहे, जेथें सूर्य चार महिने मावळत नाहीं आणि जवळजवळ तितकेच महिने उगवत नाहीं. तेव्हांपासून ती वस्ती एकदां डोळ्यांनीं पाहावी असा त्यांनीं ध्यास घेतला आहे. थोरले चिरंजीव म्हणतात, "या वयांत काशी-रामेश्वर सोडून बर्फांत जाण्याचें प्रयोजन काय?" धाकटे म्हणतात, "जाऊं द्या." सूनबाई विचारतात, "तेथें पाहण्याजोगें आणि करण्याजोगें खरोखर काय आहे, आणि वडीलधाऱ्या माणसास तेथें नेणें शहाणपणाचें होईल काय, हें कृपा करून लिहावें."

प्रश्न आम्हांस आवडला. उत्तर देण्याचा यथामति प्रयत्न करतों.

ती वस्ती म्हणजे लाँगइयरब्येन. नॉर्वे देशाच्या मुख्य भूमीपासून पुष्कळच उत्तरेस स्वालबार्ड नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांतील स्पिट्सबर्गेन या सर्वांत मोठ्या बेटावर हें गांव वसलें आहे. अक्षांश ७८ अंशांच्याहि वर. तेथून उत्तर ध्रुव सुमारें १,३०० किलोमीटर. १९०६ सालीं जॉन मन्रो लाँगइयर या अमेरिकन गृहस्थानें येथें कोळशाचा उद्योग सुरू केला, त्याचेंच नांव गांवास राहिलें. लोकवस्ती अडीच हजारांच्या आसपास. परंतु एवढ्या मूठभर माणसांत सुमारें ५० देशांचे लोक आहेत! याच्या मुळाशीं एक जुना करार आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजीं पॅरिस येथें झालेल्या या करारानें बेटांचें स्वामित्व नॉर्वेस मिळालें. मात्र करारांतील सर्व देशांच्या नागरिकांस तेथें उद्योगधंदा करण्याचा सारखा हक्क राहिला. ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूनें झालेल्या सह्यांत हिंदुस्थानच्या वतीनेंहि सही झालेली होती. स्वालबार्डास उतरण्यास व्हिसा लागत नाहीं. परंतु वाट नॉर्वेवरूनच जाते, आणि परततांना पुन्हां नॉर्वेंत शिरावें लागतें. म्हणून दोनदां प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा आधींच काढून ठेवावा. ऑस्लोहून विमानानें सुमारें तीन तासांत तेथें पोहोंचतां येतें.

गांव पायीं फिरून पाहण्यास एक सकाळ पुरे. प्रथम डोळ्यांत भरतें तें हें कीं, घरें जमिनीवर बसलेलीं नसून खांबांवर उभीं आहेत. येथील जमीन खोलवर कायमची गोठलेली आहे. उन्हाळ्यांत तिचा वरचा थर तेवढा विरघळतो. घर जमिनीस टेकविलें तर त्याच्या उबेनें खालची माती मऊ होऊन तें खचावयाचें. घरोघरीं ऊब पुरविणारे नळहि याच कारणानें जमिनीवरून नेलेले आहेत. दुसरी गोष्ट आमच्या वाचक-भगिनींस विशेष रुचेल. येथें हॉटेलांत आणि संग्रहालयांतसुद्धां पादत्राणें दाराशींच काढून ठेवण्याची चाल आहे. खाणींतील कामगारांच्या जोड्यांबरोबर कोळशाची भुकटी घरभर होऊं नये म्हणून ती पडली. गांवाजवळची शेवटची खाण २०२५ च्या जून महिन्यांत बंद झाली. चाल मात्र राहिली आहे. मांजर पाळण्यास येथें बंदी आहे. गांवाच्या कडेला पांढऱ्या अस्वलाचें चित्र असलेली पाटी लागते. तिच्या पलीकडे अस्वलास पळवून लावण्याचें साधन जवळ असल्याशिवाय जातां येत नाहीं, आणि नवख्या माणसानें तर बंदूकधारी वाटाड्याशिवाय पाऊल टाकूंच नये. अस्वल पाहण्याच्या हौसेनें त्याच्या जवळ जाण्यासहि मनाई आहे. २०२५ पासून निदान ३०० मीटर, आणि मार्च ते जून या महिन्यांत ५०० मीटर दूर राहिलें पाहिजे.

संग्रहालयांत देवमाशांच्या शिकारीपासून खाणींपर्यंतचा बेटांचा सारा इतिहास मांडलेला आहे. १९९६ सालीं बंद झालेली तिसऱ्या क्रमांकाची खाण वाटाड्याबरोबर आंत जाऊन पाहतां येते, आणि कोळशाच्या टोपल्या वाहून नेणाऱ्या तारमार्गाचे लांकडी मनोरे अजून डोंगरउतारावर उभे आहेत. हिंवाळ्यांत कुत्र्यांच्या गाडीवरून बर्फांत फिरतां येतें. बर्फ नसतां त्याच गाड्यांस चाकें लावतात. उन्हाळ्यांत बोटीनें पिरॅमिडेन या ओसाड गांवीं जातां येतें. ही रशियन लोकांची खाणवस्ती १९९८ सालीं रिकामी झाली, आणि लेनिनचा पुतळा तेवढा निर्मनुष्य चौकावर नजर ठेवून राहिला. वायव्येस शंभरावर किलोमीटरांवर न्यू-ऑलेसुंद ही संशोधकांची वसाहत आहे. तेथें २००८ सालीं आपल्या देशानें 'हिमाद्रि' नांवाचें केंद्र उघडलें, आणि त्याचा कारभार गोव्यांतील वास्को येथील राष्ट्रीय संस्था पाहते. आपले शास्त्रज्ञ २०२३ च्या डिसेंबरपासून हिंवाळ्याच्या अंधारांतहि तेथें जाऊन काम करूं लागले आहेत.

विमानतळाजवळच्या डोंगरांत जगाचें बियाण्यांचें कोठार आहे. २००८ च्या फेब्रुवारींत तें उघडलें. आंत उणें १८ अंशांवर निरनिराळ्या देशांनीं ठेवीसारखे ठेवलेले बियाण्यांचे दहा लाखांहून अधिक नमुने आहेत. प्रवाशांस आंत सोडीत नाहींत. दार बाहेरूनच पाहावयाचें. परंतु त्या दारापुढें उभें राहतांना आजोबांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, हैदराबादेजवळच्या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्थेनें पाठविलेलीं ज्वारी, बाजरी, तूर व हरभरा यांचीं बियाणींहि आंत आहेत. सिरियांतील युद्धामुळें तेथील बीजसंग्रह हातचा गेला, तेव्हां २०१५ सालीं याच कोठारांतून ठेव परत काढून नवी पेरणी करण्यांत आली. पुढल्याच वर्षीं अवेळीं उष्मा होऊन बर्फाचें पाणी कोठाराच्या बोगद्याच्या तोंडाशीं शिरलें. बियाण्यांस धक्का लागला नाहीं; परंतु कायमचें म्हणून मानलेलें गोठणेंहि कायमचें नाहीं, हें त्या दिवशीं कळून आलें.

येथपर्यंत कोणत्याहि प्रवासवर्णनांत मिळेल तें सांगितलें. परंतु एका संयुक्त कुटुंबास आम्हांला जें सांगावयाचें आहे तें निराळें आहे. या गांवांत सर्व आहे: शाळा आहे, बालवाडी आहे, १९९३ पासून विद्यापीठकेंद्र आहे, देऊळ म्हणून चर्च आहे, दुकानें आहेत. नाहीं तें वार्धक्य. गांवच्या लहानशा रुग्णालयांत बाळंतपणाची सोय नाहीं. दिवस भरत आले कीं स्त्रियांनीं मुख्य भूमीवर जावयाचें, असा दंडक आहे. वृद्धांच्या शुश्रूषेची सोय नाहीं. ज्यास स्वतःचा चरितार्थ चालवितां येत नाहीं त्यास येथें राहतां येत नाहीं. येथें मरणास बंदी आहे अशी एक कथा जगभर पसरली आहे, ती मात्र खरी नव्हे. मरण कोणाच्या कायद्यास जुमानतें? खरें इतकेंच कीं, १९५० पासून येथें शवपेट्या पुरीत नाहींत, कारण गोठणारी माती पुरलेल्या वस्तु हळूहळू वर लोटते. जुन्या दफनभूमींत १९१८ च्या साथींत दगावलेल्या ७ तरुण खाणकामगारांच्या कबरी आहेत. ही तीच साथ, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत आणि जिनें आपल्या कित्येक घरांतील कर्तीं माणसें ओढून नेलीं. १९९८ सालीं शास्त्रज्ञांनीं रोगाचें बीज शोधण्यासाठीं त्या कबरी उकरल्या. ते तरुण कोळसा काढून घरीं परतण्यासाठींच आले होते.

तेव्हां हें गांव जन्माचें नव्हे आणि शेवटाचेंहि नव्हे. मधल्या कर्त्या वयाचें तेवढें आहे. सायंकाळीं नातवंडांस गोष्ट सांगणारी आजी येथें बहुतेक घरांत नाहीं. हें वाचून, "आमच्या घरीं बरें!" असें म्हणून समाधान मानण्याचा मोह आम्हांसहि झाला. परंतु क्षणभर थांबून आपल्या पुण्या-मुंबईकडील घरांकडे पाहावें. मुलें दूरदेशीं, आणि घरांत दोन वृद्ध जीव व एक दूरध्वनि, अशीं घरें आज थोडीं का आहेत? त्या गांवीं म्हातारे नाहींत. आपल्या कित्येक घरांत म्हातारेच तेवढे उरले आहेत. दोन्हीकडे कुटुंब अर्धेंच आहे.

आणि नातें नसलेलीं माणसें एकमेकांस परकींच असतात असेंहि नाहीं. १९ डिसेंबर २०१५ रोजीं सकाळीं डोंगरावरून बर्फाचा कडा गांवावर कोसळला; कित्येक घरें जागचीं सरकलीं व दोन जीव गेले. त्या वेळीं मध्यान्हींहि काळोख असतो. त्या काळोखांत लोक फावडीं घेऊन धांवत आले आणि कोणाचें घर, कोणत्या देशाचा माणूस, हें न विचारतां त्यांनीं गाडलेल्यांस उकरून काढलें. शेजारधर्म आपणांसच ठाऊक आहे असें कोणीं समजूं नये.

आतां सूनबाईंच्या मुख्य प्रश्नाकडे वळूं. आजोबांनीं अवश्य जावें, असें आमचें मत आहे. मात्र त्यासाठीं चार अटी आहेत. पहिली, वैद्यांचा होकार घ्यावा. कारण गंभीर दुखणें उद्भवल्यास रोग्यास विमानानें ट्रॉम्सो येथें न्यावें लागतें, आणि तितक्या खर्चाचा विमा उतरलेला असावा. दुसरी, शाकाहारी माणसानें कोरडे पदार्थ बरोबर न्यावे. भाजीपाला सारा बाहेरूनच येतो आणि महाग पडतो. तिसरी, ऋतु विचारपूर्वक निवडावा. न मावळणारा सूर्य एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत असतो. जून-जुलैंत पारा शून्याच्या थोडा वर राहतो आणि वृद्धास चालणें त्यांतल्या त्यांत सोपें जातें. चौथी अट अधिक महत्त्वाची: बरोबर चिरंजीवांनीं न जातां नातवास धाडावें. ज्याच्या पुस्तकांतून हा ध्यास उपजला त्यानेंच आजोबांचा हात धरावा, हें न्यायाचें होईल.

परंतु आजोबांची प्रकृति खणखणीत असेल, आणि उणें पंधरा अंशांची थंडी व निसरडी वाट यांची त्यांस भीति वाटत नसेल, तर आम्ही त्यांस मार्च महिनाच सुचवूं. ऑक्टोबरच्या अखेरीस गेलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यास क्षितिजावर येतो खरा. परंतु डोंगरांआड असल्यामुळें गांवांत त्याचा किरण पडत नाहीं. तो पडतो ८ मार्चच्या सुमारास, जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांवर. रुग्णालय केव्हांच गेलें. त्याच्या पायऱ्यांची आठवण तेवढी जपलेली आहे. त्या दिवशीं दुपारीं सारें गांव तेथें जमतें. मुलें तोंडें पिवळीं रंगवून सूर्यास हाका मारतात. "सोला, सोला" हे त्यांचे शब्द, आणि सोला म्हणजे त्यांच्या भाषेंत सूर्यच.

अर्घ्य केव्हां द्यावें हा आजोबांचा प्रश्न सूनबाईंनीं पत्राच्या शेवटीं भीतभीतच लिहिला आहे. शास्त्रार्थ सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु चार महिन्यांनीं परतलेला तो पहिला किरण पायरीवर पडेल तेव्हां त्या मुलांत एक वृद्ध माणूस उभा असावा, असें आम्हांस फार वाटतें. त्या गांवांत नेमकी त्याचीच उणीव आहे.