गच्चीची किल्ली आणि गुरूचे चार चंद्र

मुंबईच्या आकाशात काही दिसत नाही, असं आपण सगळेच म्हणतो. आकाशगंगा दिसत नाही हे खरं. पण ग्रहांच्या बाबतीत ही तक्रार चुकीची आहे. रस्त्यावरचे दिवे, टॉवर, होर्डिंग हे सगळं मिळून अंधुक गोष्टी गिळून टाकतं. गुरू आणि शुक्र मात्र इतके ठळक आहेत की घाटकोपर स्टेशनबाहेरच्या उजेडातही ते लपत नाहीत. आणि गुरूभोवती फिरणारे चार मोठे चंद्र साध्या बायनॉक्युलरने आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवरून दिसतात. त्यासाठी टेलिस्कोप लागत नाही, गावी जावं लागत नाही. गच्चीची किल्ली तेवढी लागते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञान माझा विषय नाही, मग तुमचा याच्याशी काय संबंध, असं कोणी विचारेल. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ 1896 साली मराठीत लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षितही शाळाशिक्षकच होते, एवढं सांगून पुढे जाते. पाचवीच्या परिसर अभ्यासात सूर्यमालेचा पाठ अगदी सुरुवातीला येतो. आमची मुलं ग्रहांची नावं दोन भाषांत घडाघडा म्हणतात. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. उतारिद, ज़ोहरा, मिर्रीख़, मुश्तरी, ज़ुहल. मुश्तरीचा दुसरा अर्थ गिऱ्हाईक, खरेदीदार, हे सांगितलं की वर्ग हसतो आणि नाव कायमचं लक्षात राहतं. पण संध्याकाळी वर बोट करून 'यातला मुश्तरी कुठला' असं विचारलं की बहुतेक बोटं विमानाकडे जातात. घाटकोपरवरून विमानं उतरतात, त्यामुळे चमकतं ते सगळं विमान, अशी मुलांची समजूत आहे. दोन भाषांत पाठ असलेली वस्तू एकदाही पाहिलेली नाही, आणि पेपरात मात्र पैकीच्या पैकी मार्क.

आता मुख्य गोष्ट. 7 जानेवारी 1610 ला इटलीत गॅलिलिओने गुरूजवळ तीन ठिपके पाहिले. दोन एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या दिवशी तिन्ही एकाच बाजूला. 13 तारखेला चार दिसले. त्याची दुर्बीण वस्तू साधारण वीसपट मोठी दाखवत होती. आपलं 10×50 चं बायनॉक्युलर दहापटच दाखवतं, पण त्याची काच आजची आहे, दोन्ही डोळ्यांनी पाहता येतं आणि आकाशाचा मोठा तुकडा एकदम दिसतो. 50 मिलिमीटरचं भिंग अंधारात फाकलेल्या आपल्या बुबुळापेक्षा पन्नासएक पट उजेड गोळा करतं. गुरूचे चंद्र खरं तर तसे अंधुक नाहीत. गुरूच्या झगमगाटामुळे ते नुसत्या डोळ्यांना सापडत नाहीत, इतकंच.

गॅलिलिओला ते चंद्र आहेत हे पहिल्या रात्री कळलं नाही. ओळीने अनेक रात्री पाहिल्यावर कळलं. मला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. खगोल मंडळासारख्या संस्था वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करतात, ते उत्तमच आहेत, जमेल त्याने जरूर जावं. पण एका रात्रीची सहल मुलाला ठिपके दाखवते. ठिपके फिरतात हे ती दाखवू शकत नाही. आयो पावणेदोन दिवसांत फेरी पूर्ण करतो, युरोपा साडेतीन दिवसांत, गॅनिमीड सात दिवसांत, कॅलिस्टो जवळजवळ सतरा दिवसांत. हे पाहायचं तर रोज रात्री दहा मिनिटं तीच जागा हवी. ती जागा फक्त घराच्या वर असते. म्हणून ग्रहांच्या चंद्रांसाठी असल्फ्याची उजेडाने भरलेली गच्ची लांबच्या काळोख्या माळापेक्षा चांगली, असं मी बिनदिक्कत म्हणते.

आणि तीच गच्ची कुलूपबंद असते. कारणं तयार असतात. पाण्याची टाकी आहे, डिशच्या वायर आहेत, पोरं धिंगाणा घालतील, मुली रात्री वर कशाला जातील. पतंगाच्या दिवसांत आणि लग्नाच्या मांडवाला मात्र किल्ली बरोबर सापडते. मुलींचा मुद्दा मला जास्त टोचतो. मुलगा निदान गल्लीत उभा राहून वर पाहू शकतो. सातवीतल्या मुलीला अंधार पडल्यावर आकाश म्हणजे खिडकीच्या ग्रिलमधून दिसेल तेवढं. तिच्यासाठी स्वतःच्या बिल्डिंगच्या गच्चीइतकी सुरक्षित उघडी जागा या उपनगरात दुसरी कुठली आहे? सोबत अम्मी, खाला, शेजारची काकू कोणीही येऊ शकतं.

शाळांबद्दलही बोललं पाहिजे. मला माहीत असलेल्या एका शाळेत टेलिस्कोप आहे. तो कपाटात आहे, कारण तो जोडता येणारं कोणी नाही आणि शाळा भरते तेव्हा ऊन असतं. तेवढ्या पैशांत दोन-तीन बायनॉक्युलर आली असती, आणि ग्रंथालयातल्या पुस्तकासारखी आठवडाभर घरी देता आली असती. बरं 10×50 साधारण सहा ते दहा हजारांत मिळतं. फुटपाथवरची लाल काचांची, '60 पट झूम' लिहिलेली घेऊ नका. ज्यांच्याकडे फ्लेमिंगो किंवा नॅशनल पार्कातले पक्षी बघायला घेतलेलं बायनॉक्युलर पडून आहे, त्यांनी तेच काढावं.

हात थरथरतो हीच खरी अडचण. कोपर कठड्यावर टेकवा, नाहीतर हातांची प्लास्टिक खुर्ची घ्या. आधी लांबच्या टॉवरच्या लाल दिव्यावर फोकस करा, एकेक डोळा मिटून. 2026 च्या 10 जानेवारीला गुरू सूर्याच्या बरोबर समोर होता. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चच्या रात्री नऊ-साडेनऊला तो मुंबईत जवळजवळ डोक्यावर असतो. मान दुखण्यापेक्षा चटई टाकून पाठीवर झोपलेलं बरं. तरावीह आटोपून आलेल्यांनाही ही वेळ जमण्यासारखी आहे. गुरू पांढऱ्या टिकलीसारखा दिसेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके. चारही रोज दिसणार नाहीत. एखादा गुरूच्या पुढे किंवा मागे असतो, आयो पुष्कळदा झगमगाटात हरवतो. शनीची कडी दहापटीत दिसत नाहीत, ती दिसतील असं सांगून मुलांना वर नेऊ नका. आणि सूर्याकडे बायनॉक्युलर कधीही नको, सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय ते पिशवीतून काढूच नये.

आपल्या घरांत तर वर पाहण्याची सवय मुळात आहे. 29 तारखेला मगरिबनंतर हिलाल शोधायला सगळी बिल्डिंग गच्चीवर असायची. आता मोबाइलवर कमिटीची घोषणा येते आणि लोक थेट बाजाराला निघतात. चांद कसा ठरवावा हा उलेमांचा विषय, त्यात मी पडत नाही. पण त्या संध्याकाळी गच्ची उघडते ना? मग ती सात-आठ दिवसांनी, चंद्र अर्धा असताना, पुन्हा उघडा. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला हे दिसत नाही, सगळं सपाट होतं. अर्ध्या चंद्राच्या मध्यावर 130 किलोमीटर रुंदीचं एक मोठं विवर आहे, अल्बतेग्नियस. हे नाव अल-बत्तानीचं, तो दहाव्या शतकात वारला. जवळच अर्झाखेल, म्हणजे अकराव्या शतकातला स्पेनचा अल-ज़रकाली. लॅटिनने नावं मोडली, पण माणसं आपल्या ओळखीची आहेत.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी मांडलेला ठराव एवढाच होता. आठवड्यातून चार दिवस, रात्री साडेआठ ते दहा, किल्ली वॉचमनकडे, नाव वहीत, मुलांबरोबर एक मोठं माणूस. सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं, एवढं वर बघण्यासारखं आहे तरी काय. त्यांना उत्तर देण्याऐवजी मी बायनॉक्युलर दिलं आणि टाकीच्या बाजूला खुर्ची ठेवली. त्यांना तीन ठिपके दिसले. चौथा कुठे गेला, असं ते दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारत होते.