डॉक्टरला मेसेज गेला, पण आजार पोचला का?

इंझोरी (ता. मानोरा) : "सर, आईला बरं वाटत नाही, गोळी सांगा." असे मेसेज आता खेड्यापाड्यांतून डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर जातात. एसटीचं भाडं अन् दिवसाची मजुरी वाचते, म्हणून ही सोय लोकांना पटली. पण या एका ओळीतून डॉक्टरला आईचं वयही कळत नाही, ताप किती दिवसांचा हेही नाही. खरी अडचण नेटवर्कची कमी, आजार सांगण्याची जास्त आहे.

मेसेजवर सल्ला देणं बेकायदा नाही. 25 मार्च 2020 ला आलेल्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार नोंदणीकृत डॉक्टर फोन, व्हिडिओ किंवा मेसेजवर सल्ला देऊ शकतात. मात्र चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा. मेसेजवरून नीट कळत नसेल, तर डॉक्टर रुग्णाला समोर बोलावू शकतात. तेव्हा 'या, तपासून घ्या' असं उत्तर आलं, तर तो टाळाटाळीचा प्रकार समजू नये.

मेसेज कसा असावा? वय, त्रास कधीपासून, ताप मोजला असल्यास किती, बीपी-शुगरच्या चालू गोळ्या, कोणत्या औषधाची ॲलर्जी, बाई गरोदर आहे का. गोळीचं नाव आठवत नसेल तर पाकिटाचा स्पष्ट फोटो. एवढं पाठवलं तरी अर्धं काम झालं.

दुसरी बाजू डॉक्टरांची. '1-0-1' म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. 'एसओएस' म्हणजे गरज पडली तरच. हे शिकलेल्या पोरालाही समजेलच असं नाही, मग म्हातारीला कसं समजणार? दोन ओळी साध्या मराठीत किंवा छोटा व्हॉइस मेसेज पाठवला, तर चुकीचा डोस टळतो. रुग्णानेही 'ठीक आहे सर' म्हणण्याआधी, आपल्याला काय समजलं ते उलट लिहून विचारावं.

घरी लिहिणारं कोणी नसेल, तर उपकेंद्र गाठावं. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी मोजून, नेमकं विचारून 'ई-संजीवनी'वरून डॉक्टरशी मोफत जोडून देतात. नुसत्या मेसेजपेक्षा हे केव्हाही बरं.

काही वेळा मात्र मेसेज करूच नये. छातीत कळ, साप चावणं, झटके, गरोदर बाईला रक्तस्राव, फवारणीची विषबाधा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही. अशा वेळी थेट 108 ला फोन करावा अन् औषधाचा डबा किंवा त्यावरच्या लेबलचा फोटो दवाखान्यात सोबत न्यावा. निळी टिक यायची वाट पाहण्यात जो वेळ जातो, तो परत येत नाही.