शिफारस एका जातीची, पाणी नशिबाचे

गव्हाची शिफारस ज्या शेतासाठी लिहिली जाते, ते शेत बहुधा कालव्याच्या मुखाशी असते. पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना पहिले पाणी. पुढे कांडी धरताना, फुलोऱ्यात, दाण्यात चीक भरताना, अशा पाच-सहा पाळ्या आणि एकच शुद्ध जात. चारीच्या शेपटाला असलेल्या अल्पभूधारकाला मात्र दोन पाळ्या मिळतील की चार, हे पेरताना ठाऊक नसते. भरपूर पाण्यावर अव्वल ठरणारी जात दोन पाण्यांवरही अव्वल ठरतेच असे नाही. बागायत, मर्यादित पाणी आणि जिरायत यांसाठी वेगवेगळ्या जाती सांगितल्या जातात, त्या याच कारणाने. प्रश्न एवढाच की, आपण यांपैकी कोणत्या वर्गात पडणार हेच ज्याला कळत नाही, त्याने काय पेरावे?

दोन-तीन जातींचे बी मिसळून पेरणे, हे त्याचे एक उत्तर आहे. मुळांची खोली आणि फुलोऱ्याची वेळ थोडी भिन्न असली, म्हणजे पाण्याचा ताण सर्व झाडांना एकाच नाजूक अवस्थेत गाठत नाही. एकीची तूट दुसरी काही अंशी भरून काढते. तांबेऱ्याचा फैलावही मंदावतो. अर्थात जाती एकाच सुमारास कापणीला येणाऱ्या आणि एकाच प्रतीच्या दाण्याच्या हव्यात. बन्सी आणि शरबती एकत्र करून चालणार नाही. मिश्रणाने उत्पादन दुप्पट होईल, हा भ्रमही नको. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यांत घटक जातींच्या सरासरीहून वाढ दोन ते चार टक्क्यांचीच दिसते. पण ज्याचे वर्षाचे धान्य एका रब्बीवर अवलंबून आहे, त्याला विक्रमापेक्षा हमी मोलाची असते.

मग ही पद्धत रुजत का नाही? प्रमाणित बियाण्याची सारी व्यवस्था जातीच्या शुद्धतेवर उभी आहे आणि व्यापाऱ्याला एकजिनसी माल हवा असतो. पूर्व जर्मनीचा अनुभव बोलका आहे. १९८० च्या दशकात तेथे सुमारे साडेतीन लाख हेक्टरांवर सातूच्या मिश्र जाती पेरल्या गेल्या आणि भुरी रोग झपाट्याने घटला. १९९० च्या एकीकरणानंतर माल्ट उद्योगाने शुद्ध जातीचा आग्रह धरला आणि ती मिश्रणे मागे पडली. हरले ते शास्त्र नव्हे, बाजार जिंकला.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन मागण्या एकत्र मांडल्या पाहिजेत. कृषी विद्यापीठांनी दोन, तीन व पाच पाण्यांवर मिश्रणांचे प्रयोग शेतकऱ्यांच्या शेतातच घ्यावेत. आणि २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने उभ्या राहिलेल्या पाणी वापर संस्थांतून शेपटाच्या शेताला त्याचे पाणी मिळावे. बियाण्याचे शहाणपण हे पाणीवाटपातील अन्यायावरचे पांघरूण ठरता कामा नये.