फारोला नाव कुणी दिलं?

बायबलवरच्या सिनेमांचा वाद नेहमी एकाच जागी अडकतो. 'हे ग्रंथात नाही,' म्हणून एक बाजू थांबते. 'सिनेमा आहे, स्वातंत्र्य घेणारच,' म्हणून दुसरी. घ्या की स्वातंत्र्य! पण ते कुणाच्या बाजूने घेता, हे विचारायला नको?

मोशेची गोष्ट बघा. 'निर्गम'च्या पुस्तकात फारोला नावच नाही. नावं आहेत ती शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींना. इब्र्यांचे मुलगे जन्मताच मारा, हा राजाचा हुकूम त्यांनी मोडला. राजाचं नाव गाळायचं आणि त्याला नकार देणाऱ्या बायांचं जपायचं, हे या ग्रंथाचं राजकारण आहे.

सिनेमांनी ते उलटवलं. डिमिलचा 'द टेन कमांडमेंट्स' (१९५६), 'द प्रिन्स ऑफ इजिप्त' (१९९८), रिडली स्कॉटचा 'एक्सोडस' (२०१४): तिन्हींत फारो झाला रामसेस, मोशेबरोबर भावासारखा वाढलेला. गुलामांच्या सुटकेची गोष्ट राजवाड्यातली भाऊबंदकी होऊन बसली.

ग्रंथातला मोशे फारोपुढे उभा राहतो तेव्हा ८० वर्षांचा आहे, जिभेने जड आहे. त्याच्या वतीने बोलायला भाऊ अहरोन लागतो. डिमिलच्या चार्ल्टन हेस्टनला कुणाची गरज पडेल असं वाटतं का? खणखणीत बोलणाराच पुढारी होतो, ही समजूत ग्रंथाची नाही, तिकीटखिडकीची आहे.

जड जिभेचा म्हातारा आणि दोन सुइणी राजाला पुरून उरल्या, हे दाखवायला समुद्र दुभंगण्याइतका खर्चही येत नाही.