अंडे शाबूत, हात मागे

रॉकेट म्हटले की जितके उंच जाईल तितके चांगले, असेच आपल्याला वाटते. अमेरिकेतील शाळकरी मुलांची ‘अमेरिकन रॉकेट्री चॅलेंज’ ही स्पर्धा मात्र नेमक्या उंचीची आहे. सहावी ते बारावीची मुले तीन ते दहा जणांचा गट करून छोटे रॉकेट बनवतात. 2024 च्या स्पर्धेत रॉकेटने 820 फूट उंची गाठायची होती, 43 ते 46 सेकंदांत जमिनीवर उतरायचे होते, आणि पोटातले कच्चे अंडे शाबूत आणायचे होते. फुटामागे एक दोषगुण, सेकंदामागे चार. अंडे तडकले की ते उड्डाण बाद.

इतका नेमकेपणा वर्गात बसून येत नाही. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी मोकळ्या माळावर चाचणी घ्यावी लागते. एक जण रॉकेट वजन करून पाहतो, कारण 650 ग्रॅमच्या वर जायचे नाही. दुसरी अंडे फोममध्ये बसवते. तिसरा पॅराशूटला पावडर लावून घडी घालतो, म्हणजे ते वर चिकटून राहत नाही. त्याच्याखाली न जळणारा कागद ठेवतो, म्हणजे पॅराशूट बाहेर ढकलणाऱ्या बाराची झळ त्याला लागत नाही. सगळे लांब उभे राहतात आणि उलटी मोजणी होते. बटण दाबूनही रॉकेट पेटले नाही, तर आधी सुरक्षेची किल्ली काढायची आणि पूर्ण एक मिनिट कोणी जवळ जायचे नाही, हा पक्का नियम.

रॉकेट उतरल्यावर खरे काम सुरू होते. समजा, उंची 870 फूट भरली. मग थोडे वजन वाढवायचे. खाली यायला वेळ जास्त लागला, तर पॅराशूट लहान करायचे. एका वेळी एकच बदल, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. वारा किती होता, हवा थंड होती की गरम, हेही वहीत लिहायचे, कारण थंड हवा दाट असते आणि त्याच रॉकेटची उंची कमी भरते.

आम्हांला यातला एक नियम फार मोलाचा वाटतो. आराखडा, बांधणी, उड्डाण हे सारे मुलांनीच करायचे. मोठ्यांनी सल्ला द्यावा, सुरक्षेकडे लक्ष ठेवावे, पण रॉकेटला हात लावू नये. घडी चुकीची पडते आहे हे वडिलांना दिसत असते, तरी त्यांनी हात मागेच ठेवायचे. पॅराशूट उघडत नाही, रॉकेट धाडकन मातीत रुततो, पिवळा बलक ओघळतो. मुले हिरमुसतात; मग त्यांच्यातलेच कोणीतरी वही उघडते. चाचणीच्या दिवशी फुटलेले अंडे स्पर्धेच्या दिवशीचे अंडे वाचवते.

आपल्याकडे विज्ञान प्रदर्शन जवळ आले की निम्मे मॉडेल अब्बा बनवतात, उरलेले दुकानातून येते. बक्षीस मिळते, पण मॉडेल बंद पडले तर का पडले, हे मुलाला सांगता येत नाही. यंदा त्याचे वाकडेतिकडे मॉडेल तसेच जाऊ द्या. आधी दोन-तीनदा घरीच चालवून पाहायला सांगा. बिघडले तर रागावू नका, दुरुस्त करायलाही धावू नका. रात्री जेवताना एवढेच विचारा, “आज काय बिघडले? उद्या काय बदलून पाहणार?”