कळलावीचे बी

आपल्या हिंगोली जिल्ह्यात वसमतकडे हळदीची शेते पुष्कळ आहेत. हळदीला सहसा बी धरत नाही, म्हणून तिचे कंदच लावावे लागतात. कळलावीचे तसे नाही.

पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, पिवळ्या-लाल ज्वाळांसारख्या फुलांची ही वेल. हिंदीत हिला कलिहारी म्हणतात. कंद नांगरासारखा, म्हणून संस्कृतात नाव लांगली. औषधासाठी लोक हा कंद खणून नेतात. कंद गेला की वेलही गेली! मला हे पटत नाही. बी मिळत असताना कंद का उपटावा?

पावसाळा सरल्यावर बोंडे वाळून फुटतात. आत शेंदरी बिया दिसतात. त्या ठेवून पुढच्या जूनमध्ये पेराव्यात. मात्र कळलावी सर्वांगाने विषारी आहे. हे काम मोठ्या माणसांकडूनच करून घ्यावे आणि बी लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नये.

कोणी म्हणेल, "फुलाला तीन-चार वर्षे लागतात." लागू देत. आंब्याच्या कोयीला आपण याहून जास्त वर्षे देतो. पहिल्या वर्षी लहानसे रोप येते आणि हिवाळ्यात वाळते. ते मेले असे समजून माती उकरू नका. खाली इवलासा कंद पुढच्या पावसाची वाट पाहत असतो.